भाजीचं पाणी

परवा सकाळची गोष्ट. बटाट्याच्या चकत्या शिजल्या, मी पातेल्यावर ताटली दाबून धरली, फडक्यानं काठ पकडून पातेलं तिरकं केलं आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. पिवळट, गढूळ पाणी, कडेला पिठूळ फेस. वाफेनं चष्मा धुरकटला. शेजारी मावशी भांडी घासत होत्या, त्यांचा हात थांबला. जाळीतून गुडगुडत जाणाऱ्या पाण्याकडं बघत त्या म्हणाल्या, "बाई, सगळा जीव मोरीत ओतलासा की वो!" मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, कढई घासत राहिल्या. पण ते वाक्य काही माझी पाठ सोडेना. दुपारी पेपर चाळताना तेच, संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना तेच. सगळा जीव मोरीत. खरं सांगायचं तर मावशींच्या कितीतरी आधीपासून दुसरंच कुणीतरी माझ्यामागं उभं राहून हे म्हणत होतं आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. आईला जाऊन एकवीस वर्षं झाली, पण ओट्यापाशी माझ्या हातून काही वावगं झालं की ती येतेच.

राजापूरकडच्या आमच्या घरात पाणी टाकणं हा प्रकारच नव्हता. भात वेळून काढला की पेज निघायची, ती सकाळी आम्हा पोरांच्या वाडग्यात. पालेभाजी शिजवलेलं हिरवं पाणी आमटीत. तांदळाचं धुवण कढीलिंबाच्या आळ्यात. होळीला पुरणाची डाळ शिजली की तिचा कट वेगळा काढायचा आणि त्याची आमटी. पुरणपोळी एकवेळ कमी पडली तरी चालेल, पण कट सांडला तर आईचा चेहरा बघवायचा नाही. "सगळं सत्त्व पाण्यात उतरतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि गंमत अशी की आई शास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर होती. त्या सत्त्वातलं पोटॅशियम पाण्यात विरघळतं, उष्णतेनं नाहीसं होत नाही, म्हणून शिजवताना ते भाजीतून बरंचसं पाण्यात उतरतं. बटाटा सोलून पातळ चिरायचा, भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवायचा, ते पाणी टाकायचं, मग नव्या पाण्यात शिजवायचा आणि तेही टाकायचं. उरतो तो बटाटा म्हणजे ओला पुठ्ठा. आईच्या वाक्यात फक्त मी बदललेय. जे सत्त्व तिनं मला जन्मभर पाजलं, ते आता माझ्या अंगाला बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते आत यायच्या आधीच मला मोरीत घालवावं लागतं.

माझी मूत्रपिंडं कमी काम करतात हे दोन वर्षांपूर्वी कळलं, तेही गुडघ्यापायी. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणजे चौतीस वर्षं उभी राहिले. मुलांकडं पाठ करून फळ्यावर लिहिताना कधी दुखलं नाही, निवृत्त होऊन बसले आणि दुखायला लागलं. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून 'ती दुखण्याची पांढरी' आणायची सवय लागली. आधी लग्नकार्य असेल तेव्हा, मग देवळात जायचं असेल तेव्हा, मग रोज रात्री. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मी दाखवली नाही. त्याआधीपासून रक्तदाबही होताच. गुडघा बदलायचं ठरलं, आधीच्या तपासण्यांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला कचरा, दीड आलं आणि हाडांच्या डॉक्टरांनी मला मिरजेला किडनीच्या डॉक्टरांकडं धाडलं. गुडघा राहिला बाजूला. पांढरी गोळी मूत्रपिंडांना बाधते, म्हणून ती त्या दिवशी बंद झाली ती कायमची. आता पॅरासिटामॉल, शेकायची पिशवी आणि काठी.

दीड हा आकडा मला विशेष वाटला नव्हता. कुठं एक, कुठं दीड. पण त्याच कागदावर खाली ईजीएफआर म्हणून एक ओळ होती, मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा अंदाज, तिथं लिहिलं होतं ३८. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी समजावलं की क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून दीडाचा अर्थ माणसागणिक बदलतो. तिशीतल्या तरण्या पुरुषाचं दीड आलं तर हिशेबानं तो साठाच्या पुढं असतो. सहासष्ट वर्षांच्या बाईचं तेवढंच आलं तर ती अडतीस. एकच उत्तर लिहून एकाला चौसष्ट आणि दुसरीला अडतीस देणारा परीक्षक मी जन्मात पाहिला नव्हता. पण माझं मन तोवर दुसरीकडंच गेलं होतं. पस्तीसला पास. अडतीस म्हणजे काठावर पास! आयुष्यभर ज्या मुलांच्या पेपरावर मी लाल शाईनं ३६, ३७, ३८ लिहिलं, वर 'सराव वाढवावा' असा शेरा मारला, ती सगळी मुलं त्या वेटिंगमधल्या बाकांवर येऊन बसली. त्यांना कसं वाटत असेल हे मला त्या वयात कुणी सांगितलं असतं तर शेरा तरी जरा बरा लिहिला असता.

रात्री झोप लागेना. उठून कालनिर्णयच्या पानामागं गणित मांडलं. चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक गुण वयापोटी जातोच, असं डॉक्टर म्हणाले होते. पंधराच्या खाली गेलं की शेवटचा टप्पा. अडतीस वजा पंधरा, तेवीस. सहासष्ट अधिक तेवीस, एकोणनव्वद. उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि गाढ झोपले. पुढच्या वेळी हा कागद मी डॉक्टरांना दाखवलासुद्धा. ते हसले. म्हणाले, "बाई, ही सरळ रेषा नसते. कधी पाच पाच वर्षं सपाट जाते, कधी एका जुलाबाच्या दुखण्यात घसरते." रेषा सरळ नाही म्हटल्यावर माझं अर्धं शिक्षण वाया गेलं. पण पुढचा आकडा एकेचाळीस आला. पांढरी गोळी बंद केल्याचं बक्षीस असावं. मी आमच्यांना म्हटलं, ग्रेस मार्क मिळाले.

आमच्यांचे त्रेसष्ट. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्या वर्गात पास.

हे मी हसत लिहितेय, पण तो दिवस काही बरा नव्हता. हौसेनं त्यांचीही तपासणी करून घेतली आणि कागद हातात आल्यावर माझ्या पोटात जे काही हललं त्याला आनंद म्हणता येणार नाही. सहा वर्षांनी मोठा माणूस, तंबाखू सोडून सातच वर्षं झालेली, आणि त्रेसष्ट! त्यांनी मात्र त्याच रात्री जाहीर केलं की आजपासून तू खाशील तेच मी खाणार. फिकी भाजी, पापड नाही, लोणचं नाही. आठवडाभर मुकाट्यानं खाल्लं बिचाऱ्यांनी. एकदा रात्री मी लघवीला उठले (रात्रीतून दोन-तीनदा उठणं हा आता माझा पहारा झालाय), तर स्वयंपाकघरातून चिनीमातीच्या झाकणाचा आवाज आला. ते झाकण मी ओळखते, लग्नातलं आहे. अंधारात, फ्रिजला टेकून, आमचे हे कैरीच्या लोणच्याची फोड चोखत उभे होते. मी आल्या पावली मागं फिरले. अजून त्यांना माहीत नाही की मला माहीत आहे. खरं तर त्या पथ्याच्या आठवड्यात मला त्यांचा रागच आला होता. माझ्या ताटातलं दुःख असं वाटून घेतलं की मला ते मोजता येईना. झाकणाचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं.

पोटॅशियमचं प्रकरण मागाहून आलं. वर्षभरापूर्वी रक्तात ते ५.७ निघालं; पाचच्या आत असावं लागतं. मला काहीही होत नव्हतं, आणि डॉक्टरांना नेमकं तेच आवडलं नाही. हे वाढतं तेव्हा बऱ्याचदा काही सांगत नाही आणि थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. रक्तदाबाची माझी टेल्मिसार्टनही त्याला हातभार लावते, पण तीच गोळी मूत्रपिंडाला जपतेही, म्हणून ती बंद करायची नाही, ताट बदलायचं. मग कागद मिळाला. टोमॅटो, पालक, केळं, संत्रं, सुका मेवा यांवर फुली. दुधी, कोबी, पडवळ, दोडका चालेल. भोपळ्यावर बरोबरची खूण बघून मला हसू फुटलं. गणितात भोपळा मिळाला म्हणून पोरं रडायची, आणि मला तो औषध म्हणून.

मीठ कमी करायला तर आधीच सांगितलं होतं. ते बातमीसारखं पसरलं आणि जाऊबाईंनी प्रेमानं 'कमी सोडियमचं मीठ' आणून दिलं, महागाचं. पाकिटामागची बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचली: पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे एकाला काढून त्याच्या जागी नेमका माझा वैरी बसवलेला. ते पाकीट फडताळात सगळ्यात वर, दिवाळीच्या सोऱ्याशेजारी ठेवलंय. जाऊबाई फोनवर विचारतात, "वापरतेस ना गं?" मी म्हणते, वापरते. दुसऱ्या एका हितचिंतकांनी सैंधव सांगितलं, ते शेवटी मीठच. तिसऱ्यांनी कुठल्याशा भस्माच्या पुड्या. आणि 'भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघते' हे तर सगळ्यांनीच. काय धुऊन निघते? मूत्रपिंड म्हणजे काय मोरी आहे? लोक प्रेमानं बोलतात हे कळतं मला. पण आपल्याकडं प्रेमाचे सगळे रस्ते तोंडातूनच आत जातात, आणि माझ्या तोंडाशी आता नाका बसलाय.

मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा त्या नाक्यावर माझा भाऊच उभा होता. मी येणार म्हणून त्यानं पाडेल्याला सांगून सकाळीच शहाळी उतरवून ठेवली होती. सात शहाळी, पडवीत ओळीनं, देठाकडं अजून ओलसर. मी खुर्चीत टेकते न टेकते तोच त्यानं कोयता घेतला. तीन घाव बाजूनं, चौथा वरून, आणि टोपी उडाली. लहानपणी मला ताप आला की हेच. गोवर झाला तेव्हा हेच, बाळंतपणाला गेले तेव्हा हेच. भावाचं वय आता बहात्तर. कोयता उचलताना त्याचा हात किंचित थरथरला, तरी घाव नेमका पडला. शहाळं माझ्या हातात आलं, थंड, जड, वर केसराळ सालीचा चुरा. त्या वासानं मला पडवीच काय, बाबांची खाकी पिशवीसुद्धा आठवली. मी म्हटलं, "दादा, मला नारळाचं पाणी चालत नाही." तो म्हणाला, "शहाळं कुणाला चालत नाही? शहाळं तर आजाऱ्याला देतात." त्यात पोटॅशियम फार असतं हे त्याला कुठल्या शब्दांत सांगू? मी दोन घोट घेतले. दोनच. मोजून. मग शहाळं त्याच्या नातीकडं दिलं. ती गटागटा प्यायली, पाणी हनुवटीवरून ओघळून फ्रॉकवर आलं. दादा माझ्याकडं न बघता उरलेली सहा शहाळी एकेक करून उचलून आत नेऊ लागला. मला वाटलं ती नेतानाची त्याची पाठ मी पाहायला नको होती. रात्री जेवताना वहिनीनं निराळी भाजी माझ्या पानात वाढली, पांढरी, दुधीची. कुणी काही बोललं नाही. दादानं बहुतेक तिला दुपारीच सांगितलं असावं.

दर तीन महिन्यांनी मिरजेला जाते. सांगलीहून बसनं जेमतेम अर्धा तास. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांपासूनचं. आणि तंतुवाद्यांचंही. डॉक्टरांकडून परतताना मी कधीकधी मुद्दाम सतारमेकर गल्लीतून येते. दारांत वाळलेले भोपळे टांगलेले असतात, पंढरपूरकडून येणारे, माणसाच्या डोक्याहून मोठे, आतून कोरून पार रिकामे केलेले. एक कारागीर भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावत होता. मी थोडा वेळ उभी राहिले. त्यानं वर बघून विचारलं, "काय पाहिजे, आजी?" मला काहीच नको होतं.

दवाखान्यात आमच्या वेटिंगच्या समोर डायलिसिसचं दार आहे. पहिल्या वर्षी मी त्या दाराकडं पाठ करून बसायचे. आता तोंड करून बसते. माणसं ओळखीची झालीत. जत तालुक्यातून एक बाई येतात, आठवड्याला तीनदा, पहाटेच्या एसटीनं. चार तास मशीनवर, मग पुन्हा एसटी. "जनआरोग्य योजनेत बसतंय, म्हणून चाललंय," म्हणाल्या. त्यांचा डावा हात मी एकदा हातात घेतला. सुया टोचायला शीर जोडून घेतलीय तिथं, कातडीखाली सतत थरथर, मांजर घुरघुरावं तशी. एक गृहस्थ येताना रुमालात केळं बांधून आणतात आणि मशीन सुरू झालं की पहिल्या तासातच खातात, म्हणजे त्यातलं पोटॅशियम मशीनच काढून नेतं. "आज माझा सण," असं म्हणाले मला. किती सावकाश सोलतात ते केळं! मी हावऱ्यासारखी बघत होते. केळ्याचा हेवा की त्यांच्या सावकाशीचा, ते माझं मलाच कळलं नाही.

डायलिसिस हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो जेपींमुळं, म्हणजे जयप्रकाश नारायणांमुळं. माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी बहुधा तसाच ऐकला असेल. आणीबाणीत अटकेत असताना त्यांची मूत्रपिंडं गेली, नंतर मुंबईत जसलोकमध्ये मशीनवर. मार्च १९७९ मध्ये ते गेल्याची बातमी थेट लोकसभेत पंतप्रधानांनी जाहीर केली. मी बावीस वर्षांची, नोकरीला नुकती लागलेली. रेडिओवर ऐकून आमच्या हेडमास्तरांनी मुलांना ओळीत उभं केलं, दोन मिनिटं शांतता पाळली, शाळा सोडून दिली. आणि मग कळलं, जेपी जिवंत आहेत. ते गेले ऑक्टोबरमध्ये. मधले सहा-सात महिने तो माणूस स्वतःच्या श्रद्धांजल्यांनंतरचं आयुष्य जगला. तेव्हा आम्हाला हा सरकारी गोंधळ वाटला होता, हसलोही होतो. आता त्या दारासमोर बसलं की वाटतं, त्या महिन्यांत ते काय जेवत असतील? त्यांच्या भाजीचं पाणी कोण टाकत असेल?

हॉलंडात कोल्फ नावाच्या डॉक्टरनं महायुद्धाच्या काळात पहिलं मशीन बांधलं, सॉसेजचं वेष्टण असतं ना, त्या सेलोफेनच्या नळ्या वापरून. पहिले बरेच रोगी गेले. १९४५ मध्ये जी पहिली रोगी वाचली ती बाई सदुसष्ट वर्षांची होती. हे वाचलं तेव्हा मीही सदुसष्टच होते. उगाच नात्यातली वाटली.

आणखी एक आकडा मला फार आवडतो, मी तो घरात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. धडधाकट मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. दोन्हीकडं मिळून वीसेक लाख गाळण्या. आणि त्या १८० लिटरातलं फक्त लिटर-दोन लिटर बाहेर सोडतात. बाकी सगळं वेचून, निवडून परत घेतात. साखर परत, मीठ लागेल तेवढं परत, पाणी परत. म्हणजे पेजही टाकायची नाही आणि कटही टाकायचा नाही. आईसारखीच की! सहासष्ट वर्षं माझ्या पाठीत दोन्ही बाजूंना आईच बसली होती म्हणायची, आणि तिची दमछाक मला ऐकू आली नाही.

जेवणाचं म्हणाल तर माणूस कशालाही सरावतो. हिंग, जिरं, लसूण यांच्यावर मी आता जास्त भरवसा ठेवते. ज्वारीच्या भाकरीत मुळातच मीठ नसतं, हे सांगलीत बेचाळीस वर्षं भाकऱ्या थापूनही मला लक्षात आलं नव्हतं. डाळीची वाटी लहान झाली, तिला आता 'नातीची वाटी' म्हणतात घरात. अंगाला खाज सुटते ती मात्र सरावत नाही, रात्री तर नाहीच. परवाचा आकडा ३७. वाईट नाही. चांगला नाही. शेरा मी लिहिला नाही.

काल पुन्हा बटाटे होते. चकत्या शिजल्या, मी ताटली दाबून पातेलं उचललं, तर मावशी भांड्यांवरून उठल्या आणि ओले हात लुगड्याला पुसत त्यांनी सरळ माझ्यासमोर बादली धरली. "हितं वता," म्हणाल्या. मी बघत राहिले. "गार करून कडीपत्त्याला घालतो. माझ्या सासूनं बी घातलं आसतं." आमच्या दारातला कढीपत्ता दोन वर्षं हट्टानं एवढासाच राहिलाय, ते त्यांना सलत असावं. मी पाणी बादलीत ओतलं. वाफेनं पुन्हा चष्मा धुरकटला, तो पुसेपर्यंत त्या बादली घेऊन दारापर्यंत पोचल्या होत्या. तिथून वळून त्यांनी संशयानं विचारलं,

"मीठ न्हाई न्हवं घातल्यालं? झाड जळंल."

"मीठ कुठलं आलंय आता," मी म्हटलं.